जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ: पुढे काय होतं?

नवजात बाळाला थायरॉइड निघालाय म्हटलं की घरचे दोन टोकांना जातात. काहींना वाटतं आता मूल मंदच होणार, आणि काही म्हणतात बाळ छान दूध पितंय, शांत झोपतंय, याला कसला आजार, गोळ्या कशाला उगाच? दोन्ही चूक, पण दुसरं जास्त धोक्याचं.

साधारण 2000 ते 4000 बाळांमागे एकाला हा त्रास असतो. बहुतेकांत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी तयारच झालेली नसते, लहान राहते नाहीतर जिभेच्या मुळाशी अशा भलत्याच जागी अडकते. तरी जन्मल्यावर बाळाकडे बघून डॉक्टरलाही सहसा काही कळत नाही, कारण पोटात असताना आईचं टी4 हे थायरॉइडचं हार्मोन वारेतून थोडं थोडं येत असतं. मेंदूतलं डी2 नावाचं एन्झाइम त्या टी4 मधल्या चार आयोडिन अणूंपैकी एक काढून टी3 बनवतं, आणि पेशीत खरं काम करतं ते टी3. आता कमाल बघा, टी4 भरपूर असेल तर तेच या एन्झाइमला मोडीत काढायला लावतं, आणि टी4 कमी पडलं की एन्झाइम जास्त वेळ टिकतं, म्हणजे तुटपुंज्या मालातूनही मेंदू आपल्यापुरतं टी3 काढून घेतो! टी3 पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटून जीन्स (जनुकं) चालू करतं, पण टी3 नसेल तर तो रिसेप्टर नुसता बसून राहत नाही, उलट त्याच जीन्स दाबून धरतो. थायरॉइड कमी असलेल्या उंदरांमधून हा एक रिसेप्टरच काढून टाकला तर लहान मेंदूची (सेरेबेलम, मेंदूचा मागचा भाग) रचना बरीचशी वाचते, असं प्रयोगात दिसलंय.

जन्मानंतर आईचा पुरवठा बंद, म्हणून घाई. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं) बघायचं, तेही शक्यतो 48 ते 72 तासांनी, कारण जन्मल्या जन्मल्या टीएसएच सगळ्याच बाळांत उसळतं. नवजात बाळांची थायरॉइडसाठी सरसकट तपासणी 1970 च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डॉक्टर ज्याँ द्युसो यांनी सुरू केली. त्याआधी निदान व्हायला महिनोन्‌महिने जायचे आणि तोवर झालेलं मेंदूचं नुकसान भरून यायचं नाही.

आता पहिल्या दोन आठवड्यांत लिव्होथायरॉक्सिन (गोळीतलं टी4) सुरू केलं (किलोमागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम) आणि रक्त वेळोवेळी तपासून डोस जमवत गेलं तर बहुतेक मुलांची उंची, शाळा, बुद्धी सगळं इतरांसारखंच राहतं. ज्यांच्यात कमतरता फारच तीव्र होती त्यांच्यापैकी काहींना लक्ष, स्मरणशक्ती, हालचालींचा ताळमेळ यात थोडी अडचण राहू शकते, काहींना ऐकायला कमी येतं, म्हणून कानांची तपासणी टाळू नका.

गोळी चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची, लोह, कॅल्शियम, सोया यांच्यासोबत नाही. आणि "थायरॉइड मुळापासून बरा" वाल्या जाहिरातींपासून कृपा करून लांब राहा, जी ग्रंथी बनलीच नाही ती कुठल्याही चूर्णाने किंवा ताईताने उगवत नाही. हां, ग्रंथी जागेवर असेल तर तीन वर्षांनंतर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवून रक्त तपासतात, कारण काही मुलांमध्ये कमतरता तात्पुरतीच असते, पण तो निर्णय त्यांचाच, स्वतःहून गोळी बंद करायची नाही.