रानाचा गाभा किती आत असतो?

स्थानिकांनी राखलेली राने बहुधा छोटीच असतात. जाणकार वाटाड्याबरोबर अशा रानात गेलात, तर पहिल्या शंभर पावलांतच तो तुम्हाला दोन-तीनदा थांबवतो. मनात येतं, अजून रान सुरू तरी कुठे झालंय! पण बघण्यासारखं बरंच काही तिथेच असतं.

काठावर ऊन आणि वारा बाजूने शिरतात. माती कोरडी पडते, वेली आणि बाहेरून आलेलं तण माजतं. आत जाल तसा उजेड कमी होतो, पाचोळा ओलसर लागतो. ब्राझीलमध्ये मनौस शहराच्या उत्तरेला १९७९पासून याच बदलाचा अभ्यास चालू आहे. कुरणांसाठी जंगल तोडलं जात असताना १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवायचे, ही कल्पना अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस लवजॉय यांची. या तुकड्यांच्या काठाजवळचे मोठे वृक्ष भराभर मेले. काही वाऱ्याने मोडले, काही उभ्याउभ्या वाळले.

आता थोडं गणित. काठाचा परिणाम शंभर मीटर आत पोचतो असं धरू. १० हेक्टरच्या चौरस रानाची बाजू साधारण ३१६ मीटर. दोन्हीकडून शंभर-शंभर मीटर गेले की गाभा, म्हणजे काठाचा परिणाम न पोचणारा भाग, उरतो ११६ मीटरचा चौरस, म्हणजे जेमतेम १.३ हेक्टर. तेच रान शंभर मीटर रुंद आणि किलोमीटरभर लांब असेल, तर गाभा शून्य! राखीव रान म्हणून जाहीर होताना मात्र दोन्हींचं क्षेत्रफळ सारखंच छापून येतं.

हा फरक खोडांवरही दिसतो. राखाडी चट्ट्यावर भिंग धरा: मुडपलेल्या कडा, मधे इवल्याइवल्या वाट्या. हे दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. त्याला मुळं नसतात, त्यामुळे ओलावा आणि त्याबरोबर येणारं प्रदूषण ते थेट हवेतूनच शोषतं. पॅरिसमध्ये इतरत्र विरळ झालेली दगडफुलं लक्झेंबर्ग बागेत टिकून असल्याचं पाहून, त्यांच्यावरून हवेची प्रत ओळखता येईल, असं फिनलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६मध्ये सुचवलं होतं. काही जातींना दमट सावलीच लागते. त्या दिसू लागल्या की आपण आत पोचलो असं समजायला हरकत नाही.

वाटाड्या एका रांगेत चालायला लावतो, याचा काहींना राग येतो. पण पावलांखाली मातीतल्या पोकळ्या दबतात, पाणी मुरेनासं होतं आणि मुळांना हवा मिळत नाही. यातलं बरंचसं नुकसान कोऱ्या जमिनीवर पडणारी पहिली काही पावलंच करतात. आधीच मळलेल्या वाटेवर आणखी वीस जण गेले तरी फारसं बिघडत नाही. खरा घोळ चिखलाशी होतो. तो चुकवायला लोक कडेकडेने जातात, वाट रुंदावते, तिथली रोपं तुडवली जातात. पुढे वरचं झाडांचं छतही उघडं पडतं आणि गाभ्यातच नवा काठ तयार होतो. म्हणून बूट बरबटले तरी चालतील, पण चिखलातूनच जायचं.