वीरगळ की सतीशिळा?

देवळाच्या आवारात, पारावर किंवा वेशीपाशी कोरीव उभा दगड दिसला की त्याला सरसकट ‘वीरगळ’ म्हटलं जातं. त्यातल्या कितीतरी सतीशिळा असतात. दोन्ही मृतांची स्मारकं: वीरगळ लढताना पडलेल्या वीराचं, सतीशिळा सती गेलेल्या स्त्रीचं. दोन्हींच्या माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहो, हा त्यांचा अर्थ. पण चंद्र-सूर्यावरून दगड ओळखू नका. दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या गद्धेगाळावरही तेच असतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. ‘गळ’ म्हणजे कन्नडमधला ‘कल्लु’, दगड. बहुतेकांवर ३ ते ४ चौकटी असतात. तळाशी आडवा पडलेला वीर. शेजारी गाई असतील तर तो गोधन राखताना पडला. त्यावर ढाल-तलवारींची लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांची जहाजं झुंजताना दिसतात.

सतीशिळेची खूण म्हणजे खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला हात. पंजा उघडा, बोटं वर, मनगटावर बांगड्या. बांगड्या शाबूत आहेत, म्हणजे सौभाग्य अखंड, असा त्याचा संकेत. काही ठिकाणी अंगठ्यापाशी लिंबू असतं. दोन हात असतील तर सहसा दोन स्त्रिया. लढाईच्या चौकटी आणि हा हात एकाच दगडावर असेल तर तो वीराचा आणि त्याच्यामागे सती गेलेल्या स्त्रीचा एकत्र दगड समजावा.

हा फरक नुसत्या खुणांचा नाही. पुरुषाचं मरण क्रमाने सांगितलं जातं: कशासाठी लढला, कसा पडला, कुठे पोचला. बाईच्या वाट्याला बऱ्याचदा एक हात येतो. ती स्वतःहून गेली की तिला ढकललं, हे त्यावरून कळत नाही. म्हणून ‘स्वेच्छेने सती गेली’ अशी पाटी शेजारी लावणं साफ चूक आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवरही लेख नाहीत, त्यामुळे वीराचं नावही हरवलेलंच. कर्नाटकात मात्र लेख कोरलेले वीरगळ पुष्कळ सापडतात.

वाचताना चूक होते ती बहुधा तळाशी. खालची चौकट मातीत किंवा सिमेंटच्या ओट्यात गाडली गेली की गाई दिसत नाहीत आणि गोरक्षणाचा वीरगळ साध्या युद्धाचा वाटतो. शेंदूर-तेलाच्या पुटांखाली बांगड्याही बुजतात. तरी तारेचा ब्रश किंवा ॲसिड लावू नका, झिजलेलं कोरीवकाम त्यासोबत निघून जातं. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. सावलीतल्या दगडावर बाजूने विजेरी धरा. खडूने रेषा गिरवू नका, पुढच्या माणसाला तुमचा अंदाजच खरा वाटेल. चारही बाजूंचे फोटो मापासाठी पट्टी ठेवून काढा. काही वीरगळ चारही अंगांनी कोरलेले असतात आणि भिंतीला टेकवलेली बाजू कुणी पाहिलेलीच नसते.