2024 मधले आमचे आवडते गेम, आणि डिस्क घेण्याआधी एक प्रश्न

"या वर्षीचा एक नंबर गेम कोणता, तो द्या." डिसेंबर 2024 मध्ये गेम अवॉर्ड्समध्ये ॲस्ट्रो बॉटला 'गेम ऑफ द इयर' मिळाल्यापासून हे वाक्य आम्ही दुकानात रोज ऐकतो. त्यावर आम्ही उलट विचारतो, "मशीन कोणतं?" म्हणजे गेम खेळायचा कन्सोल कोणता. काहीजण वैतागतात. म्हणून या पत्रकात आमची यादीही देतो आणि या प्रश्नामागचं कारणही.

कारण आधी. बदलून मागायला आलेली डिस्क आम्ही लावून बघतो, तर ती जवळजवळ नेहमीच ठणठणीत निघते. चुकलेलं असतं ते मशीन. नुसतं "प्लेस्टेशन आहे" म्हणून भागत नाही. प्लेस्टेशन 4 ची डिस्क ड्राइव्ह असलेल्या प्लेस्टेशन 5 वर चालते, पण उलटं होत नाही. ॲस्ट्रो बॉट 6 सप्टेंबर 2024 ला आला तो फक्त प्लेस्टेशन 5 साठी. 2018 मध्ये याच यंत्रमानवाचा एक गेम प्लेस्टेशन 4 वर आला होता, पण त्याला डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट लागतो. तो वेगळा आणि हा वेगळा.

दुसरी गफलत ड्राइव्हची. प्लेस्टेशन 5 च्या डिजिटल मॉडेलला डिस्क घालायला फटच नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या बारीक (स्लिम) मॉडेलला ड्राइव्ह वेगळी विकत घेऊन जोडता येते, 2020 च्या जुन्या डिजिटलला ती सोय नाही. एक्सबॉक्स सिरीज एसलाही नाही. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये आलेलं प्लेस्टेशन 5 प्रो? रांगेतलं सगळ्यात महागडं मशीन, त्यातही ड्राइव्ह सोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. महाग म्हणजे त्यात सगळं असणारच, असं वाटणं साहजिक आहे. तसं समजून डिस्क नेणारे बरेच भेटले. त्यामुळे येताना मशीनचा समोरून एक आणि मॉडेल नंबराच्या लेबलाचा एक, असे दोन फोटो मोबाइलमध्ये असू द्या. तुमचा परत एक हेलपाटा वाचेल, आमची वादावादी.

आता यादी. ही आमची आहे. बक्षिसांशी ती जुळेलच असं नाही.

सगळ्यात वर 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'. जानेवारीत आला आणि वर्षाअखेरीस लोक विसरून गेले, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. यात नायक राजपुत्र नाही. सारगॉन नावाचा योद्धा पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर जातो. बाजूने दिसणारा, वाटा उलगडत जाणारा नकाशा, आणि उड्या इतक्या नेमक्या की चुकलात तर दोष बोटांचाच. त्यातली एक सोय इतरांनी उचलावी अशी आहे: एखादं बंद दार दिसलं की तिथलं चित्र टिपून नकाशावर टाचून ठेवता येतं. 'ते दार कुठे होतं' म्हणून भटकण्यात रात्र जात नाही. शिवाय हा प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन, स्विच या जुन्या मशीनवरही चालतो. घरी नवं मशीन नसेल तर आम्ही आधी हाच हातात देतो.

ॲस्ट्रो बॉट दुसरा. बक्षीस वाजवी आहे, तक्रार नाही. कंट्रोलरची थरथर इतकी हुशारीने वापरलेला दुसरा गेम आमच्या पाहण्यात नाही. पण घाई करू नका. प्लेस्टेशन 5 मध्ये 'ॲस्ट्रोज प्लेरूम' नावाचा छोटा गेम फुकट येतो. तो आधी खेळा. आवडला, तर मग आमच्याकडे या. आवडतोच, म्हणून तर सांगतो.

'एल्डन रिंग'च्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री'बद्दल जरा सविस्तर, कारण तक्रारी याच्याच जास्त. हा स्वतंत्र गेम नाही, जोड आहे. मूळ गेम नसेल तर सुरूच होणार नाही. खोक्यावर नावापुढे 'एडिशन' असेल तर मूळ गेम त्यात आहे. नुसता डाउनलोडचा कोड घेतलात तर नाही. मूळ गेम असला तरी राडान आणि मोग या दोन बलाढ्य शत्रूंना हरवल्याशिवाय नव्या प्रदेशाचं दार उघडत नाही, आणि मोग तर आडवाटेला दडलेला. "कोड लागला, पण काहीच दिसत नाही" असं म्हणणाऱ्याला आम्ही आधी मोगचं विचारतो. आत गेल्यावर मार खाऊन हैराण झालात तर मूळ गेममधल्या लेव्हलवर विसंबू नका. तिथे विखुरलेले स्कॅड्युट्री फ्रॅगमेंट गोळा करा, ताकद त्यांनीच वाढते. हे न वाचता अर्ध्यात सोडून दिलेले पुष्कळ.

'बलाट्रो' हा एकट्या माणसाने केलेला पत्त्यांचा गेम. पोकरचे हात, म्हणजे पत्त्यांच्या जुळण्या, आणि दीडशे जोकर. सप्टेंबर 2024 पासून फोनवरही आहे, आणि खरं सांगायचं तर तिथेच घ्या. आमच्या पदरात काही पडत नाही, पण खोटं कशाला बोला. पालक विचारतात म्हणून: युरोपात त्याला आधी 18 वर्षांवरचा शिक्का होता, फेब्रुवारी 2025 मध्ये तो 12 वर आला. यात खरे पैसे लावता येत नाहीत. झोप मात्र जाते.

'ॲनिमल वेल'ही एकाच माणसाचा, सात वर्षं खपून केलेला. मेमरी भरली म्हणून रडणाऱ्यांसाठी: हा 40 एमबीतही मावतो. बाकी काही सांगत नाही, सांगितलं तर मजा जाईल.

शेवटी बदलाबदलीचं. कोड एकदा खात्यात टाकला की तो त्या खात्याचा होतो. आम्हाला तो दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून परत घेत नाही. यात आमचा हेका नाही. प्लास्टिक न फोडलेली डिस्क मात्र बिनबोभाट बदलून देतो. तेव्हा घरी गेल्यावर आधी मशीन बघा, मग खोकं फोडा. जोडायच्या ड्राइव्ह आमच्याकडे असतात, आणि तुमच्या मॉडेलला ती बसते का ते लेबलाचा फोटो पाहूनच सांगू.