घुमटाचे तोंड आणि कॅबिनेटची पाठ

चवथीच्या आरतीत घुमट वाजवणाऱ्याचे हात पाहा. एक हात चामड्यावर पडतो आणि दुसऱ्या हाताचा पंजा मागच्या लहान तोंडावर उघडझाप करत असतो. मडके तेच, चामडे तेच, थाप तीच, तरी तोंड मोकळे असताना नाद एक आणि पंज्याने अडवले की दुसरा. गोव्याने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून मान दिलेल्या या मातीच्या भांड्यात गिटारच्या स्पीकर कॅबिनेटचे, म्हणजे ज्या डब्यात स्पीकर बसवतात त्याचे, निम्मे शास्त्र आहे. हलणाऱ्या पडद्यामागच्या हवेला बाहेर पडायला वाट आहे का, आणि असली तर केवढी, एवढाच तो प्रश्न.

उरलेले निम्मे शास्त्र स्पीकरच्या कागदी कोनात आहे. पण दोन कॅबिनेटची तुलना सुरू झाली की बोलणे लाकडावर जाते: हे बर्च प्लायचे, ते पाइनचे, तिसरे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे. म्हणजे सगळ्यात कमी फरक पाडणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात. खरा क्रम असा आहे: आधी स्पीकर, मग पाठ उघडी की बंद, मग डब्याचे आकारमान आणि लाकूड शेवटी. कॅबिनेट खोलीत कुठे ठेवले आणि ऐकणारा कुठे उभा आहे, हे मात्र या चारही गोष्टींवर मात करू शकते.

आधी स्पीकर. घरच्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरने सगळे सूर सारख्या मापाने द्यावेत अशी अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरकडून ती नसतेच. बारा इंची गिटार स्पीकर साधारण ७५ ते ५,००० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात बोलतो आणि त्यापुढे त्याचा आवाज झपाट्याने पडतो. हे पडणे गरजेचे आहे. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडला की, ५,००० हर्ट्झच्या वर जे तयार होते ते पत्रा खरवडल्यासारखे कानाला लागते. डिस्टॉर्शन पेडलची लाइन थेट मिक्सरला जोडून ऐका, लगेच पटेल. स्पीकर ते गाळतो, आणि गाळण्याआधी १,००० ते ४,००० हर्ट्झच्या टापूत स्वतःची भरही घालतो. खालच्या सुरांना कोन अख्खा पुढेमागे हलतो. सूर वर चढले की त्याचा मधला भाग एका चालीने आणि कडेचा दुसऱ्या चालीने थरथरू लागतो. कागद किती जाड, त्यावर वळ्या किती, कडेला लेप कसला, यावर ही थरथर ठरते. कानाला स्पीकरची जी ओळख पटते ती तिच्यामुळे. सेलेस्टियनचा २५ वॅटचा ग्रीनबॅक मऊ आणि किंचित खरखरीत वाटतो, तर त्याच कंपनीचा ६० वॅटचा व्हिंटेज ३० मधल्या सुरांच्या वरच्या भागात उसळून पुढे येतो. डबा एकच ठेवून हे दोन आलटून पालटून बसवले तर फरक ओळखायला तयार कान लागत नाही.

इथेच पहिला चकवा आहे. एका वॅटला एक मीटर अंतरावर ग्रीनबॅक ९८ डेसिबल देतो आणि व्हिंटेज ३० देतो १००. फरक दोनच डेसिबलचा, पण तो भरून काढायला अँपला दीडपटीहून जास्त ताकद लावावी लागते. आणि कान मोठ्या आवाजाला झुकते माप देतो. आवाज वाढला की खालचे आणि अगदी वरचे सूर कानाला जास्त उठून लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले. त्यामुळे जे कॅबिनेट जरा मोठे वाजते तेच ‘भरदार’ ठरते. हा फरक काढून टाकल्याशिवाय केलेल्या तुलनेला अर्थ नाही.

आता पाठ. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे मागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या बरोबर उलट असते. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा. आपल्याकडच्या हवेत त्याच्या एका लाटेची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास भरते. अर्ध्या मीटरचा डबा तिला काय अडवणार? ओपन बॅक कॅबिनेटमध्ये मागची लाट डब्याला वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला बरेचसे खाऊन टाकते. बाजूला उभे राहिले तर दोन्ही लाटा जवळजवळ सारखे अंतर चालून येतात, म्हणून तिथे बेस सगळ्यात कमी. वरच्या सुरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या. त्या वळत नाहीत, मागच्या मागे निघून जातात आणि खोलीभर फिरून परततात. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब किंवा व्हॉक्सचा एसी ३० ऐकताना आवाज मोकळा आणि पसरट का वाटतो, ते यात आहे.

क्लोज्ड बॅकमध्ये मागची लाट कोंडली जाते. कोनाच्या मागे हवेची स्प्रिंग तयार होते आणि डबा जितका लहान तितकी ती ताठ. मोकळ्या हवेत ७५ हर्ट्झला स्वतःहून डोलणारा स्पीकर चाळीसेक लिटरच्या बंद डब्यात शंभरीच्या पुढे डोलू लागतो, आणि तिथला सूर फुगून ‘डबक’ असा येतो. मार्शलचे चार स्पीकरचे बंद कॅबिनेट याउलट ऐसपैस असते, शिवाय चार कोन मिळून हवा ढकलतात. तळहात तारांवर टेकवून जाड तार मारली की छातीत बसणारा ठोका येतो तो यामुळे. एकच बारा इंची स्पीकर लहान बंद डब्यात घालून तोच ठोका मिळेल ही आशा सोडून द्यावी.

ओपन बॅक घेणाऱ्याने भिंतीचे गणित करून पाहावेच. कोनापासून मागची भिंत ६० सेंटिमीटरवर आहे असे धरा. मागची लाट भिंतीला आपटून कोनाशी परत येईपर्यंत १.२ मीटर चालते. ती मुळात उलटी. त्यामुळे ज्या सुराची अर्धी लाट १.२ मीटर भरते, म्हणजे सुमारे १४४ हर्ट्झ, तिथे दोन्ही लाटा जुळतात आणि आवाज वाढतो. ज्याची पूर्ण लाट १.२ मीटरची, म्हणजे २८८ हर्ट्झच्या आसपास, तिथे एक दुसरीला मारते. आता डबा ढकलून भिंत ३० सेंटिमीटरवर आणा. मघाशी जिथे खड्डा होता त्याच २८८ हर्ट्झवर आता उंचवटा येतो. नॉबला हात न लावता टोन बदलला. चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या जाड भिंती लाट जवळपास जशीच्या तशी परतवतात, म्हणून जुन्या गोमंतकीय घरात हा परिणाम ठळक असतो. तेच कॅबिनेट बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत, किंवा जत्रेच्या मांडवात नेले की मागे भिंतच नाही आणि बेस हवेत विरतो. उघड्यावर ओपन बॅक बारीक वाटते ते यामुळे, आणि अशा वेळी बेसचा नॉब पिळण्याऐवजी मागे प्लायची एक फळी उभी केली तर जास्त उपयोग होतो.

दिशेचे भान तितकेच हवे. बारा इंची स्पीकरच्या कोनाचा वाजता व्यास साधारण २६ सेंटिमीटर. १,३०० हर्ट्झच्या वर लाट त्याहून आखूड होते आणि आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोर जाऊ लागतो. वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर झोत आणि कान दीड मीटर उंच, मग त्याला ट्रेबल कमी वाटतो, तो नॉब वाढवतो आणि पहिल्या रांगेतले लोक कान धरतात. कॅबिनेट खुर्चीवर ठेवणे किंवा मागे तिरके करणे हा फुकटचा इलाज आहे. मात्र जमीन सोडली की थोडा बेस जातो, हे तुलना करताना धरून चालावे.

अँपचाही यात हात असतो. स्पीकरवर ‘८ ओहम’ असा विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा लिहिलेला असला तरी तो आकडा सगळ्या सुरांना लागू नाही. ज्या सुराला स्पीकर स्वतः डोलतो तिथे तो कित्येक पट चढतो आणि वरच्या सुरांकडेही वाढत जातो. ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, या चढउतारामागे धावते, म्हणून त्याच्यावर बेस गोल आणि ट्रेबल चकचकीत होतो. बहुतेक साधी ट्रान्झिस्टर अँप तसे करत नाहीत. दोन कॅबिनेटचा निकाल एका अँपवर लागला म्हणजे दुसऱ्यावरही तोच लागेल असे नाही.

जोडणी चुकली तर टोनचा प्रश्न राहत नाही, अँपच जळू शकते. ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर ४, सीरिजमध्ये १६. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२ ते १३. तो बिघडलेला नसतो. ट्यूब अँप चालू असताना कॅबिनेटची वायर कधीही काढू नये, भार नसलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. गिटारची शिल्डेड वायर इथे चालत नाही, जाड दोनतारी स्पीकर वायर घ्यावी. दोन स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये बेस अचानक नाहीसा झाला तर बहुधा एकाच्या तारा उलट लागलेल्या असतात. अँपपासून वायर सुटी करा आणि दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा, धन टोकाला धन. कोन बाहेर उसळला तर जोडणी सरळ. दोन्ही कोन एकाच बाजूला उसळले पाहिजेत.

लाकडाबद्दल थोडक्यात. पाइन हलके, ते स्वतः थोडे थरथरते. बर्च प्लाय ताठ. एमडीएफ जड आणि मुके. पातळ पुढची फळी थरथरते, तेव्हा हा फरक ऐकूही येतो. पण गोव्यात लाकूड निवडण्याचे कारण पाऊस असावे. एमडीएफला पाणी लागले की कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. सुताराकडून डबा करून घ्यायचा तर आयएस ७१० शिक्क्याचा १८ मिलिमीटर मरीन प्लाय आणि पाठीला किमान १२. बारा इंची स्पीकरचे भोक सुमारे २८३ मिलिमीटरचे असते. कंपनीच्या तक्त्यात पाहूनच कापावे. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, हाताने आवळावेत. एकच बाजू ड्रिलने दाबली की फ्रेम पिळवटते आणि कोनामागची तारेची गुंडाळी (कॉइल) घासू लागते. बंद पाठीच्या कडेला फोमची पट्टी नसेल तर जाड तारेला फटीतून फुसफुस ऐकू येते. पावसाळ्यात कागदी कोन ओल धरतो, जड होतो आणि त्यावर बुरशीही चढते. जॅकवर हिरवट थर येऊन आवाज तुटतो. डबा जमिनीपासून चार बोटे वर आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी वाजवावा.

आता प्रत्यक्ष तुलना. हाताने दोनदा वाजवलेले कधीच सारखे येत नाही, म्हणून गिटार आधी ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डबीतून) कोरडी, म्हणजे अँपशिवाय, रेकॉर्ड करावी: वीस सेकंद, त्यात एक मोकळी कॉर्ड, जाड तारेचे दाबलेले ठोके आणि बाराव्या पट्टीवरची एक लांब मींड. हेच रेकॉर्डिंग रीअँप बॉक्समधून, म्हणजे रेकॉर्डिंग पुन्हा गिटारसारखे अँपला देणाऱ्या डबीतून, त्याच अँपला, त्याच नॉबवर द्यावे. कॅबिनेट ठेवायची जागा खडूने आखावी. अँप बंद करूनच कॅबिनेट बदलावे.

दोन माइक लावा. पहिला, समजा शुअरचा एसएम ५७, जाळीपासून तीन सेंटिमीटरवर, कोनाची मधली टोपी जिथे संपते त्या कडेवर. जाळीतून टॉर्च मारला की कड दिसते, तिथे चिकटपट्टी लावावी. हा माइक टोपीच्या मध्यावरून कडेकडे तीन-चार सेंटिमीटर सरकला तरी टोन इतका बदलतो की कॅबिनेट बदलल्याचा भास होतो. जुन्या-नव्या डब्यांच्या कितीतरी तुलना इथेच फसतात. शिवाय इतक्या जवळून माइक एकाच स्पीकरला ऐकतो, पाठ उघडी की बंद हे त्याला फारसे कळत नाही. म्हणून दुसरा माइक दोन मीटरवर, कानाच्या उंचीला. दोन्ही रेकॉर्डिंग वेगवेगळी ठेवा.

मग आवाज जुळवा, पण अँपच्या नॉबने नव्हे. ट्यूब अँपचा व्हॉल्यूम हलला की डिस्टॉर्शनही हलते. संगणकात सगळी रेकॉर्डिंग अर्ध्या डेसिबलच्या आत आणावीत, नावे काढून आकडे द्यावेत आणि कोणता आकडा कोणत्या कॅबिनेटचा हे ऐकणाऱ्याला सांगू नये. एखाद्याला पाच-सहा वेळा उलटसुलट क्रमाने देऊन त्याने तेच निवडले तरच आवड खरी.

शेवटची फेरी बेस गिटार आणि ड्रमसोबत घ्या. एकट्याने ऐकताना जिंकलेल्या क्लोज्ड बॅकचा १०० हर्ट्झजवळचा फुगवटा बेस गिटारच्या अंगावर येतो आणि दोघांचेही सूर गढूळ होतात. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचे कापून पुन्हा ऐका, आणि तिआत्रासारखा (गोव्याच्या कोंकणी संगीत नाटकासारखा) ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा असेल तर तोही धरा; मघाशी बारीक वाटलेले ओपन बॅक इथे बरेचदा वर येते.