मुरबाड परिसरातील परागकण व ऋतुनिष्ठ अधिहर्षता (ॲलर्जी)

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड हे तालुक्याचे गाव व त्याभोवतालची सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतची खेडी यांच्या हवेत ऋतुपरत्वे आढळणारे परागकण व कवकांचे (बुरशीचे) बीजाणू, आणि त्यांमुळे होणारे नाक, डोळे, श्वासमार्ग व त्वचा यांचे विकार, यांचा विचार या नोंदीत केला आहे. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या भागात भातखाचरे, वरकस (हलक्या जमिनीचे) माळ व पानझडी जंगल एकमेकांना लागून आहेत. पावसाळ्यात सामान्यतः दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि नंतर सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. त्यामुळे मुंबई किंवा पुणे येथील परागमापनाचे आकडे या भागास जसेच्या तसे लावणे योग्य ठरत नाही.

*पूर्वपीठिका :* चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रतिश्यायाच्या (पडशाच्या) कारणांमध्ये धूळ व ऋतुवैषम्य यांचा उल्लेख येतो. आधुनिक वैद्यकात जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच उन्हाळी पडशाचे वर्णन केले. त्याचे कारण परागकण असल्याचे चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये प्रयोगांनी दाखवले. योगायोगाने त्याच सुमारास डी. डी. कनिंगहॅम यांनी कोलकात्याच्या हवेतील सूक्ष्मकणांची पाहणी प्रसिद्ध केली. भारतातील वायुजीवशास्त्राचा (हवेतील जैविक कणांच्या अभ्यासाचा) आरंभ सामान्यतः तेथून मानतात. आजच्या मापनाचा आधार असलेला शोषक सापळा हर्स्ट यांनी १९५२ मध्ये वर्णिला. तो मिनिटाला सुमारे १० लिटर हवा ओढतो. कण चिकट पट्टीवर बसतात आणि त्यांची संख्या दर घनमीटर हवेमागे देतात. सापळा सहसा इमारतीच्या गच्चीवर ठेवतात. खळ्यावर वाकून झोडणी करणाऱ्याच्या नाकात जाणाऱ्या कणांचा त्यावरून पुरेसा अंदाज येत नाही, ही मर्यादा ग्रामीण भागाबाबत महत्त्वाची आहे.

*ऋतुक्रम :* आषाढ-श्रावणात संततधारेमुळे परागकण धुऊन निघतात, मात्र ओल्या भिंती, कुजका पालापाचोळा व साठवलेला पेंढा यांवर कवके वाढतात. खरा परागहंगाम भाद्रपद ते कार्तिक असा धरावा. हळवे (लवकर पिकणारे) भात आधी निसवते, म्हणजे लोंब्या धरते; गरवे (उशिरा पिकणारे) नंतर. त्याच सुमारास मारवेल, पवन्या, कुसळी इत्यादी माळावरची गवते फुलतात. भाताचा फुलोरा मुख्यतः सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत उघडतो आणि त्याचे पराग फार दूर जात नाहीत. रानगवते अधिक विस्तृत क्षेत्रावर असल्याने हवेतील तृणपरागांत त्यांचा वाटा मोठा असावा. तृणकुलातील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली बहुतांशी सारखेच दिसतात. त्यामुळे गणनेत ते एकाच गटात मोजले जातात व हा वाटा वेगळा काढता येत नाही.

हस्ताच्या गडगडाटी सरी याच काळात येतात. पाण्याने तृणपराग फुटून त्यांतील स्टार्चचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि ते फुप्फुसात खोलवर पोहोचतात. मेलबर्न येथे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी वादळासह उद्भवलेल्या दम्याच्या साथीचे स्पष्टीकरण असे देतात. तेथील राय गवत मुरबाडात नाही, तरी परतीचा पाऊस व गवताचा फुलोरा येथे एकत्र येतात, ही गोष्ट दमेकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

माघ-फाल्गुनात झाडे फुलतात. पळस, पांगारा व सावर डोळ्यांत भरतात, म्हणून शिंकांचा दोष त्यांच्यावर जातो. पण त्यांचे परागण पक्षी व कीटक करतात, आणि त्यांचे पराग हवेत विशेष येत नाहीत. याउलट पानगळीच्या अवस्थेत हिरवट, न दिसणारी फुले धरणारा वावळ (होलोप्टेलिया इंटिग्रिफोलिया) वाऱ्यावर पराग सोडतो. त्याची अधिहर्षकता उत्तर भारतातील अभ्यासांतून चांगली प्रस्थापित झाली आहे. एरंड, सुरू व आघाडा यांचेही पराग हवेत मिळतात. आंब्याचा मोहोर कीटकपरागित असून त्याचा त्रास प्रायः बागेपुरता राहतो.

*गाजर गवत :* पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील तण. भारतात ते पुण्यात १९५५ च्या सुमारास आढळले व आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ‘भारतातील नवी नोंद’ म्हणून ते प्रसिद्ध केले. पी. एल. ४८० (अमेरिकन काँग्रेसने संमत केलेला अन्नसाहाय्याचा कायदा) करारान्वये आलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर बी आले, हे मत सर्वत्र रूढ आहे. ‘काँग्रेस गवत’ या नावाशीही त्याची सांगड घालतात. परंतु भारताशी तो करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातील आढळानंतर. १९५१ च्या अमेरिकन धान्यकर्जातून आलेल्या गव्हाचा पर्याय काळाच्या दृष्टीने अधिक जुळतो. काही अभ्यासक डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहातील १८८० च्या नमुन्याचा दाखला देऊन आगमन त्याहून जुने मानतात. दोन्ही मते परस्परविरोधी नाहीत : जुनी तुरळक रोपे असली, तरी विसाव्या शतकातील झपाट्याच्या प्रसाराला नव्या बियांचा पुरवठा कारण झाला असावा. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा बायकोलोराटा हा पाने खाणारा भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडण्यात आला.

या तणाचा त्रास केवळ परागांचा नाही. पार्थेनिन हे द्रव्य पाने व खोडावरील केसांत असते. वाळलेल्या रोपांची भुकटी उडून चेहरा, मान व कोपरांच्या घडीत त्वचाशोथ होतो. लोणकर, मिचेल व कॅल्नन यांनी १९७४ मध्ये याचे वर्णन केले. म्हणून फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे.

*इतर घटक :* पावसाळ्यापूर्वी राब (भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी पसरलेला पालापाचोळा) भाजताना उठणारा धूर हा क्षोभक आहे, अधिहर्षक नव्हे. तरी आधीच सुजलेल्या श्वासमार्गास तो घातक ठरतो. झोडणीतील तूस व बुरसलेल्या पेंढ्यातील बीजाणू यांचा त्रास दिवाळीच्या आगेमागे वाढतो. ओलसर पेंढ्यातील सूक्ष्मजीवांमुळे होणारा ‘शेतकऱ्याचा फुप्फुसविकार’ वेगळा. त्यात शिंकांऐवजी काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला व धाप ही लक्षणे दिसतात, आणि न्यूमोनिया समजून उपचार होण्याचा धोका असतो.

*उपचार :* हिस्टामीनरोधी औषधे व नाकातील स्टेरॉइड फवारे उपयुक्त असतात. दम्यात इनहेलर आवश्यक. छातीत घरघर असल्यास केवळ शिंकांच्या गोळ्यांवर थांबू नये. झोडणीच्या वेळी नाकातोंडावर ओला पंचा बांधण्याने जाड धूळ अडते, बीजाणू पुरेसे अडत नाहीत.