फुलपाखरांच्या नावांची कोडी

फुलपाखराचे नाव उत्तरात दडवून घातलेली शब्दकोडी. यांत उभ्या-आडव्या चौकटींचे लेखी कोडे येते, तसेच तोंडी घालायचे कोडेही येते. कोल्हापूरकडच्या खेड्यांत तोंडी कोड्याला हुमान म्हणतात. पन्हाळा, राधानगरी, दाजीपूर हा पश्चिमेकडचा डोंगरी पट्टा आणि परसातली लिंबू, कढीपत्ता, कण्हेर ही झाडे यांमुळे या भागात अशा कोड्यांना विषय कमी पडत नाही.

मराठी शब्दकोड्यात काना-मात्रेसह एक अक्षर म्हणजे एक चौकट, आणि जोडाक्षरालाही एकच चौकट. ‘नीलवंत’ चार चौकटींत बसते, ‘हळदीकुंकू’ पाच. भारतीय फुलपाखरांची इंग्रजी नावे मात्र कोडेकाराला अडचणीत आणतात. त्यांत कमांडर, सार्जंट, लस्कर, नवाब, राजा असा अख्खा फौजफाटा आहे. पण ‘कॉमन सार्जंट’ घातले की ‘कॉमन’ची तीन अक्षरे फुकट जातात, कारण अनेक नावांपुढे ते असतेच. मराठी नावे रूढ होत गेली तशी ही कोडी खरी रंगू लागली.

चांगल्या कोड्यात शब्दाची फोड आणि किड्याची खूण दोन्ही असतात. ‘आभाळातला आधी घ्या, मग त्याला दाद द्या’ याचे उत्तर चांदवा: चांद आणि वा! नराच्या काळ्या पंखांवर निळसर झाक असलेले पांढरे ठिपके असतात, त्यामुळे नावही शोभते. नुसत्या फोडीवर उभे असलेले कोडे शब्दकोशातून सुटते, आणि ते त्या मानाने फिकेच.

याउलट हे पाहा:

कढीपत्त्यावर वाढलं,
दादल्यासंगं उडालं;
बाई एक, सोंगं तीन,
नाव काय पडलं?

उत्तर बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉरमॉन. याच्या अळ्या लिंबू व कढीपत्त्याची पाने खातात. मादी तीन रूपांत आढळते: एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझसारखे आणि तिसरे क्रिमसन रोझसारखे. या दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या विषारी वेलींवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. बहुरूपीची मादी त्यांचा वेश घेऊन जीव वाचवते. नर आणि मादी दोन वेगळी फुलपाखरे समजणारा इथे हमखास अडतो.

म्हणूनच सोडवताना आधी झाड शोधावे. ‘बांडगूळ’ आले की हळदीकुंकू. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके ही त्याची दुसरी खूण. ‘कण्हेरीच्या पानाखाली टांगलं चांदीचं डूल’ हा कॉमन क्रोचा कोष, जो खरोखरच आरशासारखा चकाकतो. ‘भाताच्या शिवारात दिवेलागणीला फिरतो’ म्हटले तर ईव्हनिंग ब्राऊन. अळीने पाने सोडून पिठ्या ढेकूण खाल्ले आणि कोषाला माकडाचे तोंड फुटले, तर उत्तर एपफ्लाय. मंकी पझल नावाचे दुसरेच एक फुलपाखरू आहे, त्यामुळे ‘माकड’ एवढ्याच खुणेवर घाईने उत्तर देऊ नये.

वाद होतात ते दोन नावांवरून. ब्लू मॉरमॉनला 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू घोषित करण्यात आले. असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याला राणी पाकोळी म्हणतात आणि नीलवंतही. चौकटी मोजल्या तर चौकटकोड्यात भांडण मिटते, तोंडी कोड्यात दोन्ही उत्तरे मानावी लागतात. जुनी कोडीही जपून सोडवावीत. ‘भारतातले सर्वांत मोठे’ याचे उत्तर पूर्वी सदर्न बर्डविंग हे असे. राधानगरीच्या जंगलात ते दिसते, म्हणून इकडच्या लोकांना त्याचा जरा जास्तच अभिमान. मात्र 2020 मध्ये उत्तराखंडातील गोल्डन बर्डविंगच्या मादीचा 194 मिमी पंखविस्तार नोंदला गेला आणि 190 मिमीचा जुना विक्रम मागे पडला.

‘दिव्यावर झेप घेतो, दोरीला बांधला की आभाळात जातो’ हे पतंगाचे कोडे अनेकदा याच गटात घातले जाते, पण पतंग फुलपाखरू नव्हे. बसताना तो सहसा पंख पसरून ठेवतो आणि त्याच्या मिशांच्या टोकाला फुलपाखरासारखी गाठ नसते.