मायक्रॉनभर जाडीची बॅटरी: पातळ थरांच्या इलेक्ट्रोडमागची पार्श्वभूमी

घन-अवस्थेतील बॅटऱ्यांवर धावणाऱ्या मोटारी येणार, अशा बातम्या सध्या वरचेवर वाचायला मिळतात. पण द्रवाचा थेंबही नसलेली, पुन्हापुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी प्रयोगशाळेत चाळीस वर्षांपूर्वीच तयार झाली होती. जपानमध्ये हिताचीच्या संशोधकांनी १९८३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. टायटॅनियम डायसल्फाइडचे धनाग्र (बॅटरीचे धन टोक), त्यावर आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट म्हणून लिथियम सिलिकेट-फॉस्फेटचा काचेसारखा थर आणि सर्वांत वर लिथियम धातू, अशी तिची रचना होती.

मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) मापातल्या एवढ्या पातळ थरांचा खटाटोप करावा लागला, कारण घन पदार्थांतून लिथियमचे आयन फार सावकाश सरकतात. मग वाटच आखूड करायची, हा त्यावरचा उपाय. तो खऱ्या अर्थाने मार्गी लावला अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत जॉन बेट्स, नॅन्सी डडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. निर्वात कक्षात लिथियम फॉस्फेटच्या चकतीवर आयनांचा मारा करायचा आणि उडालेल्या अणूंचा थर समोरच्या पृष्ठावर बसू द्यायचा, ही स्पटरिंगची पद्धत. चकती विद्युतरोधक असल्याने तिच्यावर भार साचून मारा थांबतो. म्हणून रेडिओ वारंवारतेचा प्रवाह वापरावा लागतो. त्यांनी कक्षात नायट्रोजन सोडला. थोडा नायट्रोजन थरात मुरला आणि आयनांची वाहकता कित्येक पटींनी वाढली. हाच लिपॉन (लिथियम फॉस्फरस ऑक्सिनायट्राइड), या बॅटऱ्यांमधला घन इलेक्ट्रोलाइट.

तरीही ही वाहकता दर सेंटीमीटरला सुमारे २ मायक्रोसीमेन्सच आहे, नेहमीच्या द्रव इलेक्ट्रोलाइटपेक्षा हजारो पटींनी कमी. मात्र थर एक मायक्रॉनचा ठेवला, तर एका चौरस सेंटीमीटरला रोध पडतो सुमारे ५० ओहम. हाच पदार्थ एक मिलिमीटर जाड घेतला, तर तो ५०,००० ओहमवर जातो आणि बॅटरी निरुपयोगी ठरते.

श्रेय बहुतेक लिपॉनला मिळते. माझ्या मते या तंत्राचे भवितव्य मात्र धनाग्राने ठरवले. हे धनाग्र लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे; ते स्पटर केले की अणू अस्ताव्यस्त बसतात. स्फटिक नीट जुळावेत म्हणून थर सुमारे ७०० अंश सेल्सिअसला भाजावा लागतो. त्यामुळे आधाराला प्लास्टिक बाद, ॲल्युमिनासारखे सिरॅमिक चालते. थरांचा क्रमही ठरून जातो: आधी धनाग्र, ते भाजून झाल्यावर लिपॉन, आणि अगदी शेवटी लिथियम, कारण ते १८०.५ अंशांनाच वितळते. सर्किट बोर्डावर सुटे भाग डाख देऊन बसवताना तापमान याहून वर जाते. म्हणून २००० साली ओक रिजच्याच गटाने लिथियमचा थर न चढवता नुसते तांबे ठेवून पाहिले. पहिल्या चार्जिंगच्या वेळी लिथियम धनाग्रातून येऊन तांब्याखाली जमा होते.

भाजल्यावरही एक पेच उरतो. या ऑक्साइडची रचना पत्त्यांच्या कॅटासारखी पदरापदरांची असते आणि लिथियम दोन पदरांमधूनच धावते. एक मायक्रॉनपेक्षा पातळ थरात हे पदर आधाराला समांतर, आडवे बसतात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटच्या बाजूने वाट बंद. थर जाड झाला की आतील ताणामुळे स्फटिक तिरके वळतात आणि कडा वर येतात. बेट्स यांच्या गटाने हे बारकाईने दाखवले. मला या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

अडचण राहिली ती साठवणुकीची. एक मायक्रॉन जाडीच्या धनाग्रात एका चौरस सेंटीमीटरला जेमतेम ०.०७ मिलिअँपिअर-तास मावतात. मोबाइलच्या बॅटरीत तेवढ्याच क्षेत्रफळाला ३ च्या आसपास सहज असतात. साहजिकच या बॅटऱ्या संवेदक, स्मार्ट कार्ड, वैद्यकीय उपकरणे इथवरच पोहोचल्या. टिकाऊपणात मात्र त्यांनी कमाल केली. २०१५ मध्ये डडनी यांच्या गटाने ५ व्होल्टच्या श्रेणीतील निकेल-मँगनीज ऑक्साइडचे धनाग्र, लिपॉन आणि लिथियम धातू अशी बॅटरी १०,००० वेळा चार्ज-डिस्चार्ज केली, तेव्हा तिची ९० टक्के क्षमता शाबूत होती.